अंधारखोलीचं दार आणि माझं दुसरं पत्रक

आमच्या चेन्नईच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी फोन आला तो असा : "समुद्राच्या तळाशी दुर्बीण बांधतात ना, त्यात तू होतीस म्हणे. शास्त्रज्ञांच्या सहवासातल्या आठवणी लिहून दे."

मी शास्त्रज्ञांच्या सहवासात नव्हते. दोघांना काचेपलीकडून पाहिलं. त्यातल्या एकाने माझ्याकडे बघून हात हलवला. संपला सहवास. मी अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये कंत्राटी कामगार होते आणि त्या दुर्बिणीचे काचेचे गोळे बंद करणाऱ्या बायकांपैकी एक होते. दुर्बिणीबद्दल वर्तमानपत्रांत जे जे छापून आलं, ते मी कापून ठेवलंय. एकाही कात्रणात कोणाचे हात नाहीत. "गोळे बसवण्यात आले." "दोर सोडण्यात आले." कोणी बसवले? आपोआप बसले? तेव्हा आठवणी लिहायच्याच असतील तर मी हातांच्या लिहिणार. कंपनीचं नाव लिहिता येत नाही, करारात तसं कलम आहे. समुद्रही कुठला ते विचारू नका. दूरचा आहे.

आधी काम काय ते सांगते. त्याशिवाय पुढे मी काय करून बसले ते कळायचं नाही.

न्यूट्रिनो नावाचा एक कण आहे. दूरदूरच्या आकाशगंगांच्या पोटात काहीतरी भयंकर घडतं, तिथून तो निघतो आणि कशालाही न अडखळता चालत राहतो. भिंतीतून, तुमच्या-माझ्या अंगातून, अख्ख्या पृथ्वीतून आरपार. क्वचित, फारच क्वचित, तो पाण्यातल्या एखाद्या अणूवर आदळतो. मग तिथून दुसरा एक कण सुसाट सुटतो आणि त्याच्या वाटेवर निळसर प्रकाशाची पुसटशी रेघ उमटते. ती टिपायची तर पाणी भरपूर हवं, नितळ हवं, आणि सूर्याचा मागमूस नसलेला काळोख हवा. हे सगळं एकत्र मिळतं ते खोल समुद्रात. म्हणून तिथे तळाला बांधलेल्या उभ्या दोरांवर काचेचे गोळे ओवून ठेवतात. कुठल्या गोळ्याला उजेड आधी दिसला, कुठल्याला क्षणभर नंतर, त्यावरून तो कण आकाशातल्या कुठल्या दिशेने आला ते काढतात. गंमत अशी की ही दुर्बीण वर बघतच नाही. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूने आत शिरून आरपार आलेल्या कणांना ती खालून पकडते.

गोळा म्हणजे काचेच्या दोन वाट्या. मोठ्या कलिंगडाएवढा आकार, बोटभर जाड काच. एका वाटीत पारदर्शक जेल ओतायचं आणि त्यात ट्यूब बसवायची. ट्यूब म्हणजे उजेड टिपणारा डोळा. प्रकाशाचा एक कण पडला तरी ती विजेचा ठोका देते. मग दुसरी वाटी वर ठेवायची. स्क्रू नाही, रबर नाही, डिंक नाही. दोन्ही कडा इतक्या सपाट घासलेल्या असतात की आतली हवा थोडी ओढून घेतली की बाहेरची हवाच त्यांना दाबून धरते. बाहेरून पट्टी मारायची. समुद्रात गेल्यावर पाणी दाबतं, ते जितकं दाबेल तितका गोळा घट्ट. पण कडेवर एक केस जरी राहिला तर तेवढ्या खोलवर पाणी नेमकी ती जागा शोधून काढतं. आणि एक गोळा फुटला तर त्याच्या धक्क्याने शेजारचेही फुटतात.

म्हणून आमच्याकडे फुलं बंद, पावडर बंद, कुंकू बंद, विभूती बंद. टिकली चालायची, पण ती टोपीच्या आत. चेन्नईत बायकांना मोगऱ्याशिवाय कामावर यायला सांगणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. कपडे बदलायच्या खोलीत खुंट्यांची एक रांग होती. सकाळी प्रत्येकीचा गजरा तिच्या खुंटीवर आणि संध्याकाळी कोमेजलेला गजरा परत केसांत. एकदा माल तपासायला आलेल्या परदेशी पाहुण्याने विचारलं, "ही इथली पूजेची जागा का?" सेल्वी अक्का म्हणाली, "हो, इथे आम्ही आमचं डोकं काढून ठेवतो."

सेल्वी अक्का कोण ते आता सांगते, कारण ही तिचीच गोष्ट आहे. ती गुम्मिडिपूंडीहून रोज गाड्या बदलत यायची. चौदा वर्षं कंत्राटी. दरवर्षी कंत्राटदार बदलायचा, दरवर्षी तिचं कार्ड नवं आणि ती 'नवीन भरती'. हातात मात्र अशी जादू, की बंद गोळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवून ती सांगायची, पट्टीखाली बुडबुडा आहे. असायचाच.

आणि मी? माझे बाबा चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात फिटर होते. साताऱ्याकडून आले आणि क्वार्टर्समध्येच त्यांची हयात गेली. मी तिथल्या शाळेत शिकले, डिप्लोमा केला आणि कॉलेजात संघटनेत शिरले. मला पत्रकं लिहायला शिकवलं गेलं. चार नियम होते. वाक्य लहान. शत्रू एकच. मागणी शेवटी. आणि शंका कधीच लिहायची नाही. इथे पत्रकाला 'नोटीस' म्हणतात. शेडमध्ये लागल्यावर महिन्याभरात माझं नाव पडलं 'नोटीस'. "नोटीस, डबा आणलास का?" "नोटीस, आज जेल घट्ट झालंय बघ." मला त्याचा अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो. (ही सगळी बोलणी तमिळमध्ये झाली. मी मराठीत लिहितेय, एवढंच.)

आता अंधारखोली. बंद झालेला प्रत्येक गोळा समुद्रात जाण्याआधी काळोखात तपासावा लागतो. ट्यूबला उजेड दाखवला तर तो तिला कितीतरी तास आठवत राहतो, त्यामुळे आधी बराच वेळ अंधारात ठेवून तिला शांत करायचं. मग वीज चालू करायची, डोळ्याला दिसणारही नाही इतका मंद निळा दिवा लुकलुकवायचा आणि ट्यूब किती ठोके देते ते मोजायचं. गोळ्याला सगळ्या बाजूंनी नीट दिसतं का हे बघायला तो थोडा थोडा फिरवावा लागतो. परदेशात हे फिरवायला यंत्र आहे म्हणे. आमच्याकडे दोन बायका होत्या. आठ गोळे, आठ स्टँडांवरच्या गोल कड्यांवर. प्रत्येक कड्याला खाचा. भिंतीवरच्या, दोन्हीकडचं ऐकू येणाऱ्या भोंग्यातून बाहेर बसलेला ऑपरेटर सांगणार, "पहिला, एक खाच." आत मिट्ट काळोखात बायका हाताने चाचपून गोळा एक खाच फिरवणार. एक पाळी दोन-अडीच तासांची. दार दुहेरी होतं आणि बाहेरच्या दारावर लाल दिवा. दिवा लागलेला असताना दार उघडायचं नाही. कारण वीज चालू असलेल्या ट्यूबवर उघडा उजेड पडला तर ती आंधळी होते. कायमची.

मी जेलच्या विभागात होते. अंधारखोलीत कधीच गेले नव्हते. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते तेव्हा लक्षात ठेवलं नाही.

एक दिवस कलैअरसी नावाची आमच्यातली एक मुलगी आत अडखळून पडली. स्टँडच्या पायावर हनुवटी आपटून फुटली. सेल्वी अक्का आतून ओरडली, "वीज बंद करा, बाहेर यायचंय." भोंग्यातून शिफ्ट मॅनेजरचा आवाज आला, "दोनच गोळे राहिलेत. संपवून या." सेल्वी अक्काने पदराची पट्टी फाडून तिची हनुवटी बांधली आणि काळोखात एकटीने ते दोन गोळे संपवले. दार उघडलं तेव्हा कलैचा अख्खा कोट लाल झाला होता. पाच टाके पडले.

मी त्या दुपारी आवडीला घरी जाईपर्यंत डोक्यात पत्रक लिहून टाकलं. मथळा : 'अंबत्तूरची अंधारकोठडी'. त्यात लिहिलं, बायकांना बाहेरून कडी लावून कोंडतात. त्यांच्या हातात उच्च दाबाची वीज देतात. रक्त वाहत असताना त्यांच्याकडून काम करून घेतात. आणि शेवटी मागणी : 'दार उघडा!' आमच्या संघटनेचे मुत्तु तोळर (तोळर म्हणजे कॉम्रेड) ते वाचून उभेच राहिले. "असं पाहिजे! तोळर, एक शब्द बदलू नका." मीही बदलला नाही. सेल्वी अक्काला दाखवलंही नाही. कशाला दाखवायचं? ती पीडित होती ना. पीडितांना विचारत बसतात का?

दुसऱ्या दिवशी पत्रक गेटवर वाटलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही तीसेक जणी घोषणा देत शेडमधून निघालो. मी सगळ्यांत पुढे. अंधारखोलीवर लाल दिवा लागलेला मला स्पष्ट दिसत होता. मला वाटलं, हाच तो जुलूम. मी बाहेरचं दार ओढलं, उघडलं. आतलं ढकललं, तेही उघडलं. मागून शेडच्या सगळ्या ट्यूबलाइटांचा उजेड आत घुसला.

आत सेल्वी अक्का दोन्ही हात एका गोळ्याभोवती टाकून उभी होती, आईने मुलाला पोटाशी धरावं तशी. पदर त्याच्यावर ओढत होती. ती किंचाळली नाही. फक्त म्हणाली, "बंद कर गं. बंद कर."

आठांपैकी पाच ट्यूब गेल्या.

मी 'कंपनीचं नुकसान' हे शब्द तोवर आनंदाने लिहीत आले होते. पण त्या पाचांतल्या दोन गोळ्यांचं जेल मी ओतलं होतं. एका गोळ्यात बारीक बुडबुडा आला म्हणून ते खरवडून पुन्हा ओतलं होतं. कंपनीचं काय गेलं ते कंपनी जाणे. माझे दोन गेले.

चौकशी बसली आणि खरा प्रकार पुढे आला. मॅनेजरने मला एकटीला बोलावलं. चहा मागवला, त्यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

"आतल्या दाराला आतून कडी असते, माहिती आहे तुम्हाला?"

"आतून?" मी म्हणाले.

"आतून. आतल्या बाईने ती लावायची, असा लेखी नियम आहे. सेल्वीने लावली नव्हती. म्हणजे तुमचं आणि तिचं आधी ठरलं होतं. एवढं लिहून द्या. तुम्ही शिकलेल्या आहात, तरुण आहात, तुमचं काम आम्ही ठेवू."

मला दोन थपडा एकदम बसल्या. एक, कडी आतून होती. म्हणजे माझ्या पत्रकातलं 'बाहेरून कोंडतात' हे धडधडीत खोटं होतं. दोन, त्या खोट्याची किंमत सेल्वी अक्का देणार होती. चौदा वर्षं 'नवीन भरती' असलेल्या बाईला काढायला नोटीसही लागत नाही. कार्ड नवं करायचं नाही, बस.

मी काही लिहून दिलं नाही. चहा प्यायले, तेवढी लाज अजून वाटते.

मुत्तु तोळरांना सांगितलं तर ते म्हणाले, "गप्प राहा. पत्रकात माघार घेतली की पुढच्या पत्रकावर कोण विश्वास ठेवणार?"

"पण ते खोटं आहे, तोळर."

"खोटं नाही. थोडं वाढवून लिहिलंय. चळवळीत एवढं चालतं."

"आणि सेल्वी अक्का?"

"तिच्यासाठी आपण लढूच की. वेगळं पत्रक काढू."

घरी बाबांना सांगितलं. त्यांनी आयुष्यात कधी माझ्या राजकारणावर तोंड उघडलं नव्हतं. ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "लाल दिवा दिसला होता ना तुला?"

"दिसला होता."

"मग दार का उघडलंस? तुझा कारखान्यावर राग होता, कबूल. कामावर काय राग होता तुझा?" आणि पुन्हा जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी आमच्या तपासणी विभागाचे प्रमुख राव सर जिन्यात भेटले. हे तंजावरचे. त्यांचे पूर्वज कधी काळी तिकडे गेले ते तिकडचेच झाले. त्यांची मराठी जुनी, तमिळच्या चालीवरची आणि माझी त्यांना अगदी परकी वाटायची. ते म्हणाले, "काय मा, तुझं पत्रक वाचलों. अस्कं वाचलों." अस्कं म्हणजे सगळं, मा म्हणजे पोरी. "एक विचारतों. अंधारखोली तू पाहिलीस का?"

"नाही सर."

"मग चल. सेल्वी नेईल तुला. मी भोंग्यावर बसतों."

सेल्वी अक्का चौकशी होईपर्यंत कामावर होती, कारण तिच्याशिवाय अंधारखोली चालतच नव्हती. हाही कंपनीचा न्याय. ती माझ्याशी चार दिवस बोलली नव्हती. दाराशी तिने माझा हात धरला, मनगटाला, घट्ट. "आता पाय उचलायचा नाही. घासत चालायचं." दार लागलं.

असा काळोख मी कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले तेच कळेना. मला गुदमरायला झालं. ती म्हणाली, "भिंतीला हात लाव." भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर सुती दोरी होती. "दर स्टँडपाशी एक गाठ. दाराजवळ दोन गाठी. ही आम्ही लावली. कलै पडल्यानंतर."

"अक्का, कंपनीने नाही लावली?"

"कंपनीला अंधारात दिसतं. तिला कशाला दोरी?"

तिने माझा हात दाराकडे नेला. "ही कडी. आतून. मी लावत नाही. त्या दिवशी कलैला घेऊन मी दाराशी आले, तर रक्ताने हात निसटत होता, कडी निघेना. तोवर भोंगा म्हणाला, संपवून या. आणि मी संपवलं. त्या दिवशी मी ऐकलं. तेव्हाच ठरवलं, आता कडी लावायची नाही. पुन्हा कोणी पडलं तर लाथेने दार उघडेन. नियम मोडला तो मीच मोडला. तुझ्याशी ठरवून नाही. तुला तर मी नीट ओळखतही नव्हते, नोटीस."

मग तिने माझं बोट चौकटीच्या वर नेलं. एक छोटी कळ. तिच्यापासून निघालेली वायर वीतभर जाऊन संपत होती. टोकाला चिकटपट्टी.

"ही कशाची?"

"दार उघडलं की ट्यूबांची वीज आपोआप बंद व्हावी म्हणून. जोडलेलीच नाही. जोडलेली असती तर तू शंभर जणी घेऊन आली असतीस तरी एकही ट्यूब गेली नसती."

भोंग्यातून राव सरांचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मी तीनदा लिहिलों, मा. तीनदा. 'पुढच्या महिन्यात' म्हणाले."

मी विचारलं, "आणि ती उच्च दाबाची वीज?"

काळोखात सेल्वी अक्का पहिल्यांदा हसली. "ती काचेच्या आत असते गं. माझ्या हातात येते ती फक्त काच. थंडगार. मला आवडते."

बाहेर आल्यावर उजेडाने डोळ्यांना पाणी आलं. राव सर म्हणाले, "सरी, आता जा. लिही." सरी म्हणजे ठीक. काय लिही ते म्हणाले नाहीत.

मी लिहिलं. एकच पान. संघटनेचं नाव नाही, खाली माझं नाव. पत्रक असं होतं :

'मागच्या पत्रकात मी लिहिलं की दार बाहेरून बंद करतात. हे खोटं आहे. मी लिहिलं की बायकांच्या हातात उच्च दाबाची वीज असते. हे खोटं आहे. मी अंधारखोली न बघता लिहिलं. कलैअरसीला रक्त वाहत असताना आत थांबवलं, हे खरं आहे. लाल दिवा लागलेला असताना दार मी उघडलं. सेल्वीला यातलं काही माहीत नव्हतं. ती आतली कडी लावत नाही, कारण जखमी माणसाला बाहेर काढायला दार उघडं हवं. दार उघडताच वीज बंद करणारी कळ चौकटीवर आहे. तिची वायर जोडलेली नाही. हात लावून बघा. मागणी : वायर जोडा. कडी काढा. सेल्वीला ठेवा.'

सकाळच्या पाळीला मी तेच गेट, तीच जागा धरून उभी राहिले. पहिलं पत्रक वाटताना लोक हात पुढे करत होते. हे वाटताना बायका घेत होत्या, दोन ओळी वाचत होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. कलै आली. हनुवटीवर ताजा व्रण. वाचून म्हणाली, "नोटीस, एवढं खरं लिहितात का कोणी? आता तुला काढतील." दुपारपर्यंत मुत्तु तोळरांचा निरोप आला, यापुढे पत्रकं दुसरं कोणी लिहील. संध्याकाळी मॅनेजरने माझं कार्ड काढून घेतलं.

तीन आठवडे मी घरी होते. सेल्वी अक्काचा निर्णय लागायचा होता. तो मॅनेजरला लावता आला नाही, आणि त्याचं कारण त्यालाही वाटलं नव्हतं असं होतं. या कामाचा एक रिवाज आहे. माल बिघडला की ग्राहकाला, म्हणजे दुर्बीण बांधणाऱ्यांना, कारण लेखी कळवावं लागतं. कंपनीने कळवलं : 'कामगाराची चूक.' तिकडून उलट उत्तर आलं : कामगाराची चूक हे कारण आम्ही धरत नाही. चूक होऊ शकली ती का, ते कळवा. कंपनीने पुन्हा गोल गोल काहीतरी लिहिलं. ते पुन्हा परत आलं. तिसऱ्या वेळी उत्तर राव सरांना द्यायला सांगितलं. त्यांनी माझं तमिळ पत्रक शब्दाला शब्द इंग्रजीत केलं, वर 'कारण' असं लिहिलं, सोबत न जोडलेल्या वायरीचा फोटो लावला आणि पाठवून दिलं. तीनदा लिहूनही ज्याचं कोणी ऐकलं नाही, तो माणूस चौथ्यांदा असं लिहितो.

माझं पत्रक त्या दुर्बिणीच्या कागदपत्रांत कायमचं लागलंय. पत्रकं लिहिणाऱ्या किती जणांना हे म्हणता येईल? मी इतकी पत्रकं लिहिली, त्यांत भजी बांधली गेली. हे एकच जपून ठेवलंय, आणि त्यात मी स्वतःला खोटारडी म्हटलंय. तरीही मला त्याचाच सगळ्यांत जास्त अभिमान आहे.

उत्तर आलं ते असं, की वायर जोडल्याशिवाय आणि कडी काढल्याशिवाय आम्ही पुढचा माल घेणार नाही. गाठींची दोरी ठेवा, तशी नियमात लिहा. वायर जोडायला आमच्या इलेक्ट्रिशियनला वीस मिनिटं लागली. अंधारखोलीला एक जबाबदार माणूस नेमा, असंही त्यात होतं, आणि जबाबदार माणूस कंत्राटी नसावा. सेल्वी अक्काला कायम केलं. चौदा वर्षांनी तिला असं कार्ड मिळालं ज्याच्यावर संपण्याची तारीख नव्हती. ती ते उलटसुलट करून बघत राहिली. बाकीच्या सगळ्या जणी कंत्राटीच राहिल्या, आजही आहेत. हे विजयाच्या लेखात लिहायचं नसतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

तिला विचारलं, आत दुसरी कोण हवी. ती म्हणाली, "ती नोटीस." मॅनेजर म्हणाला, तिनेच ट्यूब जाळल्या. सेल्वी अक्का म्हणाली, "म्हणूनच. ती आता मेली तरी दार उघडायची नाही."

अशी मी परत आले. पुढचं सव्वा वर्ष रोज दोन पाळ्या तिच्याबरोबर आत. काळोखात माणसं वेगळी बोलतात. ती तिच्या सासूची नक्कल करायची, मी बाबांची. भोंगा ओरडला की गप्प. मला अंगठ्याने बुडबुडा कळायला लागला. एकाही गोळ्याला आम्ही घाई केली नाही, आणि आमच्या हाताखालून गेलेला एकही गोळा परत आला नाही. खाली समुद्रात त्यांतले बहुतेक आत्ता जागे आहेत.

मालाची शेवटची खेप तपासायला ग्राहकाकडून तिघे आले. त्यांच्याबरोबर कंपनीचे मोठे मालक, मॅनेजर आणि राव सर. आम्ही आत होतो, पाळी अर्ध्यावर. बाहेर बुटांचे आवाज, मग दारावर टकटक. भोंग्यातून मॅनेजर अगदी गोड आवाजात म्हणाला, "सेल्वी, पाहुण्यांना खोली बघायची आहे. दोन मिनिटं वीज बंद करू या का?"

माझा हात सहाव्या गोळ्यावर होता. वीज बंद केली असती तर ट्यूबांना काही झालं नसतं. पण मोजणी मात्र पहिल्यापासून करावी लागली असती, आणि पुन्हा तासन्‌तास वाट बघणं. हे तिला विचारलं जात होतं, आणि उत्तर तिने एकटीने द्यायचं होतं.

"लाल दिवा लागलाय," सेल्वी अक्का म्हणाली. "तीन गोळे राहिलेत. पाहुण्यांना बसायला खुर्च्या द्या."

भोंग्यात मागून कोणाचं तरी इंग्रजी, राव सरांचं हसू आणि खुर्च्या ओढल्याचा आवाज. एक, दोन, तीन, चार. मोठे मालकही बसले असणार.

"ऐकलंस?" मी कुजबुजले. "बसले."

"बसू देत," ती म्हणाली. "नोटीस, सहावा. अजून एक खाच."

मी फिरवला.